पातेलीतला थेंब

फोनवरची मुलगी रडत नव्हती, हेच राजेश्वरी माने यांना आवडलं नाही. कडेगाव ठाण्यात सहायक निरीक्षक म्हणून तीन वर्षं काढल्यावर त्यांना एवढं कळत होतं, की घाबरलेली माणसं रडतात आणि फार घाबरलेली माणसं अगदी नीट बोलतात.

"मी रहिमतपूरहून नौशीन बोलतीय. माझे अब्बा कुतुबुद्दीन, कल्हई करतात. परवा सकाळी मोपेडवरनं तांबडवाडीला गेले, ते अजून घरी न्हाईत. फोन बंद लागतोय. आन् मॅडम, मोबाईलवर त्यांचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, हा माणूस दिसला की सोडू नका."

तो फोटो राजेश्वरींनीही पाहिला होता. तांबडवाडीत मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या पप्पूनं तो काल संध्याकाळी टाकला होता. कारणही गावाच्या दृष्टीनं पक्कं होतं. बिराप्पा धनगराची चार वर्षांची नात अपेक्षा आठवडाभर सांगलीच्या दवाखान्यात होती. आधी पोटात कळा, मग झटके. काल दुपारी रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी सांगितलं, पोरीच्या अंगात शिसं आहे.

शिसं म्हणजे भांडी, आणि भांडी म्हणजे कल्हईवाला. कथिलात स्वस्त शिसं मिसळून त्यानं गावाला विष घातलं आणि बिंग फुटायच्या आत पळाला. गावानं चौकशी केली, निकाल दिला, आता फक्त शिक्षा बाकी होती.

डॉक्टरांनी ठाण्यातही फोन केला होता. "शिसं औषधानं काढता येईल. पण ते कुठून येतंय आणि किती दिवसांपासून, हे मला कळायलाच हवं. पोर परत त्याच घरी, त्याच अन्नावर गेली तर पुढच्या खेपेला माझ्या हातात काही राहणार नाही. घरातल्या मोठ्यांनाही विचारा. पोट दुखतं का, अंगातली शक्ती जाते का."

राजेश्वरींनी टोपी उचलली. तेवढ्यात हवालदार ऋषिराजचा तांबडवाडीहून फोन आला.

"मॅडम, मोपेड घावली. उसाच्या चरीत पडलीय. तुमी लवकर या. मला इथं एकट्याला बरं वाटंना."

*

रस्ता म्हणजे उसामधून गेलेली गाडीवाट. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. चार हातांपलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. पात्यांची सळसळ एकसारखी चालू होती आणि त्या सळसळीत एखादा माणूस चालत असला तरी कळलं नसतं. भर सकाळी साडेदहाला राजेश्वरींनी कमरेचं पिस्तूल चाचपून पाहिलं.

मोपेड आडवी पडली होती. पेटीत कुतुबुद्दीनचा मोबाईल होता, जेवणाचा डबा होता, कल्हईच्या नवसागराची पुडी होती. मागं बांधलेल्या कातडी भात्याला आरपार भोक होतं. भात्याच्या खाली कथिलाच्या कांड्यांचा जुडगा होता आणि त्यात काहीतरी रुतलं होतं. ऋषिराजनं ते चिमट्यानं काढलं. चेपलेली, बोराएवढी, करडी गोळी.

"घरी पाडलेली हाय मॅडम. साच्याची शिवण दिसतीय बघा. ठासणीच्या बंदुकीची."

"गावात बंदूक कुणाकडं आहे?"

"परवाना एकच. बिराप्पाचा. रानडुकरं आन् लांडग्यांसाठी. पर निवडणुकीची आचारसंहिता लागली तवाच ती ठाण्यात जमा झाली. महिना झाला. पावती माझ्याच सहीची हाय."

म्हणजे तांबडवाडीत आणखी एक बंदूक होती आणि ती कुणाकडे आहे हे पोलिसांना माहीत नव्हतं. ऋषिराजनं नकळत उसाकडं पाठ करायचं सोडून दिलं.

नौशीन एसटीनं आली होती. वीस-बावीसची, कॉलेजची पिशवी अजून खांद्याला. भात्याचं भोक पाहिलं आणि तिनं त्यावर हात ठेवला.

"नौशीन, स्पष्ट विचारते. अब्बा कथिलात शिसं घालतात?"

तिनं जुडग्यातली एक कांडी ओढून काढली, राजेश्वरींच्या कानाजवळ धरली आणि हळूहळू वाकवली. कांडी कुरकुरली. दाताखाली वाळू यावी तसा बारीक, स्पष्ट आवाज.

"हे चोख कथील. वाकवलं की कुरकुरतं. शिसं भरलं की मुकं होतं. सगळ्या कांड्या वाकवून बघा."

राजेश्वरींनी सगळ्या वाकवल्या. एकही मुकी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेलं गाव लांबून, काठ्या घेऊन, हे सगळं पाहत उभं होतं.

पप्पू पुढं आला. "मॅडम, त्यानं नाटक केलंया. स्वतःच भोक पाडलं असंल."

"गोळीचा आवाज कुणी ऐकला?"

"परवा दिवस मावळायला. आमाला वाटलं, कारखान्याच्या टोळीनं फटाका वाजवला."

"गावात आणखी कुणी आजारी आहे? कल्हई तर सगळ्यांनीच केली असेल."

पप्पूनं वळून काठ्या घेतलेल्या पोरांकडं पाहिलं. चाळीस घरांनी त्याच कथिलाची कल्हई केली होती. शिसं एकाच पोरीच्या अंगात होतं.

*

बिराप्पाची वस्ती उसाच्या पलीकडं, माळाला लागून. दोन खोल्या, बाहेर चूल, मेंढरांचा वाडा. बिराप्पा खाटेवर बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तो राजेश्वरींच्या तोंडाकडं नाही, आवाजाकडं पाहत होता.

"गोळ्या कुठून आणत होता, बिराप्पा?"

"मीच पाडायचो की. चांदमारीच्या टेकडीला मेंढरं जात्यात. गोळीबाराचा सराव झाला की पावसाळ्यानंतर मातीत शिसं घावतं. ते वितळवायचं. पर आता पाच वरीस झालं, डोळं गेलं. आता कोण पाडतंय?"

"मग लांडगे?"

"यंदा दोन मारलं..." बिराप्पा थांबला. "म्हंजी मेल्यालं घावलं."

"कुणी मारले?"

"देवाला ठावं."

सुलाबाई चहा घेऊन आली. पंचावन्नची, काटक, कपाळाला भंडारा. कप तिनं डाव्या हातानं पुढं केला आणि लगेच म्हणाली, "राग मानू नगा बाई. उजवा लय दुखतोय, दळपानं." उजवा हात पदराखालीच राहिला.

"अपेक्षा काय खायची?"

"दुपारी आंबील. राती दूधभाकरी. आंबलीबिगर तिला चालत न्हाई."

"बाकीचे खातात आंबील?"

"ह्यांना आंबाट सोसत न्हाई. सून मायाक्का भाकरीवर असती. म्या आन् पोर, दोघीच."

"कशात करता?"

"कशातबी." सुलाबाईची नजर क्षणभर मांडणीवर गेली आणि परत आली.

राजेश्वरींनीही तिकडं पाहिलं. मांडणीवर भांडी ओळीनं लावलेली. वरच्या फळीवर दोन डब्यांच्या मधे रिकामी जागा होती. फळीला चुलीच्या धुराचा काळपट थर बसला होता, पण त्या जागी बशीएवढं गोल स्वच्छ होतं.

"कल्हईला काय दिलं होतं?"

"दोन तांबे आन् परात. परवाच परत घेतली."

"कुतुबुद्दीन इथं आला होता?"

"आला हुता. दुपारी जेवला, गेला. गरीब मानूस बाई, त्याला कुणी कशाला मारंल?"

बाहेर पडताना चुलीच्या राखेत कोंबड्या उकरत होत्या. उकिरड्यापाशी दोन मरून पडल्या होत्या, पिसांसकट. राखेत काहीतरी चमकलं. राजेश्वरी वाकल्या. लसणाच्या सालीएवढा, दुमडलेला, तांब्याचा पातळ पत्रा. तसे आणखी चार. त्यांनी एक रुमालात बांधला.

जीपमध्ये ऋषिराजनं तो बघितला आणि हळूच म्हणाला, "बंदुकीच्या गोळीचं वरचं कवच हाय हे. आतलं शिसं वितळून गेलं की एवढंच उरतं. आन् राख तर ताजी दिसतीया."

*

कुतुबुद्दीन मेला असता तर प्रेत मोपेडजवळ असतं. जिवंत असेल तर दोन दिवस कुठं आहे? राजेश्वरींनी स्वतःला त्याच्या जागी ठेवलं. परवा कुणीतरी गोळी झाडली. कालपासून उसाच्या वाटांनी काठ्या घेतलेली माणसं त्याच्या नावानं ओरडत फिरताहेत. अशा वेळी माणूस रस्त्यावर येत नाही. उसात शिरतो आणि तिथंच राहतो.

"मी हाक मारते," नौशीन म्हणाली. "पण अब्बा म्हणून न्हाई. त्यांना वाटंल, मला धरून आणलंय."

"मग?"

"लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यासंगं जायची. गल्लीत आधी मी जायची. सगळं ठीक असलं तरच हाक द्यायची. भांडण असलं, लोक तापलेले असले, की मी गप्प राहायची आन् अब्बा वेशीवरनंच माघारी फिरायचे."

राजेश्वरींनी पप्पू आणि त्याच्या पोरांना चावडीत बसवलं आणि दाराशी शिपाई उभा केला. मग दोघी गाडीवाटेनं चालू लागल्या. पिस्तुलाच्या कव्हरचं बटण उघडं होतं. त्याचा उपयोग काय, हे राजेश्वरींना ठाऊक होतं. बंदूकवाला या उसात असला तर तो आधी पाहणार होता. त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवायला आजूबाजूला कुणी नव्हतं.

"कल्हईऽऽवालेऽऽ! भांड्यांना कल्हईऽऽ!"

सळसळ. नौशीनचा आवाज दुसऱ्यांदा चिरकला. तिसऱ्यांदा तिनं छाती भरून हाक दिली. विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीमागं ऊस हलला. राजेश्वरींचा हात पिस्तुलावर गेला.

एक म्हातारा रांगत बाहेर आला. कोपर खरचटून रक्त वाळलेलं, ओठ फुटलेले, अंगात ताप. छातीशी गमजात गुंडाळलेली पितळी पातेली होती. दोन दिवस त्यानं ती खाली ठेवली नव्हती.

पाणी पोटात गेल्यावर कुतुबुद्दीन बोलला. "परवा ही पातेली भट्टीवर धरली. नवसागर टाकायच्या आधीच, कथील लावायच्या आधीच, तळाला चांदीसारखा थेंब पळाया लागला. मी अजून काय घातलंच नव्हतं मॅडम. हा थेंब आला कुठनं? गार झाल्यावर बोटानं घासला. काळं उतरलं. शिसं. म्हटलं, हिच्यात कुणीतरी शिसं वितळवतंय आन् ह्याच्यातच रांधतंय."

"पातेली कुणाची?"

"ते इचारू नका. कल्हईवाला एका घरचं भांडं दुसऱ्या घरात सांगत न्हाई. त्या घराला मी सांगितलंय. म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरला कळवा, न्हाईतर ही पातेली घेऊन मी सोता सांगलीला जाईन. तवर हिला माघारी देत न्हाई. कल्हई मारून दिली असती तर वरनं चकचकीत दिसली असती आन् आत इख तसंच."

"चाचा, गोळी त्याच घरातून आली असेल तर?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. "न्हाई. तिथं मला ताटाला बसवून जेवू घातलं. डोळ्यांत पाणी हुतं."

राजेश्वरींनी पातेली हातात घेतली आणि तळ पाहिला. बशीएवढा गोल.

*

वस्तीकडं जाताना त्यांनी नौशीनला आणि कुतुबुद्दीनला जीपमध्येच ठेवलं. आता घर माहीत होतं आणि भरलेली बंदूक घरात कुठं आहे ते माहीत नव्हतं. ऋषिराज मागच्या बाजूनं गेला. अंगणातली वीस पावलं राजेश्वरींना कोसभर वाटली.

बिराप्पा खाटेवरच होता. सुलाबाई चुलीपाशी. राजेश्वरी सरळ आत गेल्या आणि पातेली फळीवरच्या रिकाम्या जागेत ठेवली. ती बरोबर बसली.

सुलाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

"कसलं भांडं वाजलं?" बिराप्पा म्हणाला. "कोण बोलंना का?"

"मी बोलते," राजेश्वरी म्हणाल्या. "गावाला वाटलं, कल्हईत शिसं होतं. पण कथील चोख आहे आणि चाळीस घरांत कुणी आजारी नाही. म्हणजे शिसं कल्हईतून नाही, याच घरातून आलं. चुलीच्या राखेत आजही गोळ्यांची तांब्याची कवचं आहेत. बिराप्पा, तुमचे डोळे पाच वर्षांपूर्वी गेले. राख मात्र ताजी आहे. कोणीतरी अजून गोळ्या पाडतंय."

बिराप्पानं तोंड बायकोच्या दिशेनं वळवलं.

"दोन लांडगे यंदा मारले गेले. तुमच्या तोंडून निसटलं. परवान्याची बंदूक आमच्याकडं जमा. म्हणजे दुसरी आहे, वाडवडिलांची, न दाखवलेली. तुम्हाला दिसत नाही. मुलगा दिग्विजय सैन्यात, वरती सरहद्दीवर. सून आठवडाभर सांगलीला. परवा संध्याकाळी या वस्तीवर बंदूक धरणारं एकच माणूस होतं."

"तिला? अवो बाईमानूस ती."

"मेंढरं लांडग्याच्या तोंडात द्यायची नसतील तर बाईमाणूसही नेम धरायला शिकतं. सुलाबाई, शिसं वितळवायला पातेली घेतलीत. मग राखेनं, चिंचेनं लख्ख घासलीत आणि त्यातच आंबील केलीत. आंबट पदार्थात शिसं उतरतं. कुतुबुद्दीननं ते सांगितलं, तेव्हा तुम्ही त्याला जेवू घातलंत, आणि तो निघाल्यावर त्याच्यापुढं आडवाटेनं जाऊन उसात बसलात."

"ह्याला पुरावा काय?" बिराप्पा ओरडला.

"सुलाबाई, उजवा हात वर करा."

तिनं मग पदर बाजूला केला आणि हात उचलला. हात उचलला गेला, पंजा उचलला गेला नाही. मनगटापासून तो खाली लोंबत राहिला.

"दळपानं असं होत नाही. शिशानं होतं. डॉक्टरांना वाटेत फोन करून विचारलं मी. पोरीसोबत तीच आंबील तुम्हीही खात होता, वर वितळवतानाचा धूर. चाळीस पावलांवरून लांडगा मारणाऱ्या बाईचा नेम मोपेडवरच्या माणसावर चुकला, तो या मनगटामुळं. बंदुकीचं तोंड खाली पडलं आणि गोळी भात्यात गेली."

मागून ऋषिराज आला. कडब्याच्या गंजीतून काढलेली लांब नळीची बंदूक त्याच्या हातात होती.

बंदूक पाहिली तशी सुलाबाई खाली बसली. "कल्हई केली की भांडं नवं हुतंय, असं माझी आय म्हनायची," ती म्हणाली. "दर साली कल्हई करत हुते बाई. मला वाटलं, धुतलं, घासलं, कल्हई केली, झालं. शिसं वितळवायची लोखंडाची कढई फुटली तवापास्नं ही पातेलीच घेतली."

"आणि कुतुबुद्दीन?"

"त्यो म्हनला, पोर ह्याच्यानं आजारी हाय. माझ्या हातनं. ते मायाक्काला कळलं असतं. ती पोरीला माझ्या मांडीवर परत कवा दिली असती? त्याला भ्याववायचं हुतं फकस्त..." ती थांबली. "न्हाई. खोटं कशाला बोलू? मारायचंच हुतं. म्या लय भ्याले, बाई. लांडग्याला कवा एवढी भ्याले न्हाई."

बिराप्पा खाटेवरून उठला, चाचपडत दोन पावलं पुढं आला आणि तिथंच उभा राहिला. कुठं जायचं ते त्याला कळेना.

राजेश्वरींना राग यायला हवा होता. जीपमधला तापानं फणफणलेला म्हातारा त्यांना दिसत होता, काठ्या घेतलेलं गाव दिसत होतं. राग आलाही. पण सांगलीचे डॉक्टर उत्तराची वाट पाहत होते.

"सुलाबाई, कढई कधी फुटली?"

"त्यानं काय हुतंय आता?"

"किती दिवस शिसं पोटात गेलं, त्यावर पोरीचं औषध ठरायचं आहे. ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

सुलाबाईनं डोळे मिटून हिशेब केला. "गेल्या आखाडात, बैलांच्या बेंदराला. बेंदराच्या दुसऱ्या दिशी."

राजेश्वरींनी वॉर्डातल्या फोनचा नंबर लावला. फोन डॉक्टरांनी नाही, मायाक्कानं उचलला. डॉक्टर आत होते. राजेश्वरींनी तारीख सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुलाबाईनं डावा हात पुढं केला.

"मला द्या. तिला माझ्याच तोंडनं कळू द्या."

तिनं सांगितलं. पातेली, शिसं, आंबील, बेंदूर, बंदूक, कल्हईवाला. एकही गोष्ट गाळली नाही, एकही शब्द मऊ केला नाही. सांगून झालं तरी फोन तिनं कानाला घट्ट धरून ठेवला.

मग मायाक्काचा आवाज आला. इतक्या हळू, की राजेश्वरींना पुढं वाकावं लागलं.

"आत्ती, पोरीसंगं तुमीबी रोज तेच खात हुता की. तुमाला काय झालंय का?"

बंदूक सापडली तेव्हा सुलाबाई रडली नव्हती. आता तिनं फोन राजेश्वरींच्या हातात दिला, तोंडात पदर कोंबला आणि भुईवर आडवी झाली. ऋषिराज बेड्या घेऊन पुढं आला. राजेश्वरींनी त्याला हातानं थांबवलं आणि आधी मायाक्काला डॉक्टरांकडं फोन द्यायला सांगून त्यांना बेंदराचा महिना सांगितला.